सुपभर कोंड्याची पोर

ती घटना आठवली की आजही माझ्याच अक्षरातला एक जबाब डोळ्यांपुढे येतो आणि थोडी शरम वाटते.

तेव्हा मुंबई राज्य होते आणि मुळशीला लोक तालुका न म्हणता पेटाच म्हणत. मी नवा फौजदार, पुणे शहरात वाढलेला. मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याची प्रत ठाण्याच्या कपाटात दोरीने बांधलेली पडली होती. ती सोडून वाचणारा मी पहिलाच, म्हणून माझा मलाच मोठा अभिमान.

एका बाजारच्या दिवशी ताम्हिणीकडच्या एका गावचे पोलीस पाटील ठाण्यात आले. पटका सारखा करत म्हणाले, "सायेब, वरच्या धनगरवाड्यात येक येकटी बाई हाय. तिच्याकडं कातकऱ्याची पोर हाय, चार-पाच वर्साची. इकत घेतलीया म्हंत्यात. वासरं राखाया लावती."

स्टेशन डायरीत नोंद करून मी हवालदारांना घेऊन निघालो. पाऊलवाट अशी की पुस्तकी फौजदाराचा दम जागोजाग निघावा. वर पोचलो तेव्हा एक काळीसावळी मुलगी वासराच्या गळ्यात हात टाकून उभी होती. बाई चाळिशीची, उंच, कपाळ मोकळे.

"ही मुलगी कोणाची?"

"माजी."

"तुझ्या पोटची?"

"न्हाई. इकत घेतलीया."

"काय देऊन?"

"सुपभर कोंडा."

इतका सरळ कबुलीजबाब क्वचितच मिळतो, म्हणून मी तीनदा विचारले. तिन्ही वेळा तेच उत्तर. विकली कोणी, म्हटल्यावर मात्र तिने तोंड मिटले ते मिटलेच. हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, जरा दमानं घ्या." मी त्यांच्याकडे असे काही पाहिले की तेही गप्प झाले. जबाब लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. भट गावात यायच्या आधीच लग्न लावून टाकावे, अशी माझी घाई.

मुलीला पुण्याच्या रिमांड होममध्ये न्यायचे होते आणि मोटार दुसऱ्या दिवशीची. मुलाला कोठडीत ठेवायचे नाही, हे कायद्यात स्पष्ट होते. म्हणून तिला माझ्या क्वार्टरवर नेले. बाईला ठाण्यात हजर राहायला सांगितले होते, पण ती क्वार्टरसमोरच्या जांभळीखाली येऊन बसली आणि उठेना.

पत्नीने मुलीपुढे दूधभाकरी ठेवली. मुलीने ताटाला हात लावला नाही. "आयेनं खाल्लं का?" एवढेच विचारत राहिली. शेवटी पत्नीने दुसरे ताट जांभळीखाली नेऊन ठेवले. तिकडे बाईने घास घेतला तेव्हा इकडे पोरीने घेतला.

थोड्या वेळाने पत्नी ठाण्याच्या मागच्या दारी आली. ती साताऱ्याकडच्या खेड्यातली. तशी ती ठाण्यात पाऊल टाकत नसे.

"अहो, त्या बाईवर कलम लावलंत?"

"लावतोय."

"मुलीचं नाव विचारलंत का?"

मी जबाब चाळला. 'सदर मुलगी' असे अकरा ठिकाणी होते, नाव कुठेच नव्हते.

"धोंडी नाव आहे तिचं," पत्नी म्हणाली. "हौसेनं कोणी लेकीचं नाव धोंडी ठेवतं का? ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथं असं नाव ठेवतात. बाळाला उकिरड्यावर ठेवायचं, दुसऱ्या बाईनं उचलायचं, बदल्यात कोंडा द्यायचा. म्हणजे मुलं नेणाऱ्या सटवाईला वाटावं, हे मूल या घरचं नाहीच. पोर धडधाकट झाली की आई धान्य देऊन परत घेते. आमच्याकडं गल्लोगल्ली आहेत असले धोंडू-धोंडी. आणि तुम्ही निघालात बेड्या घेऊन!"

"मीबी तेच सांगणार व्हतो," हवालदार कागदावरून नजर न उचलता म्हणाले.

"मग त्या बाईने हे सांगायला काय झालं होतं?"

"तोंडानं कशी सांगेल? 'ही माझी नव्हे' म्हटलं की केलेलं सगळं फुकट. पोरीवर पुन्हा घाला. त्यापेक्षा तुरुंग बरा, असं तिला वाटत असेल."

मी खुर्चीवरून उठलो. टोपी टेबलावरच ठेवली आणि जांभळीखाली जाऊन जमिनीवर बसलो. आता प्रश्न बदलायचा होता. मुलगी कोणाची, हे तिला विचारून चालणार नव्हते.

"बाई, तुम्ही कोंडा दिलात, तो कोणाच्या हातात?"

तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांकडे पाहिले. मग म्हणाली, "घाटाखाली कोळशाची भट्टी हाय. तितं हाय त्यो."

पोरीला पुण्याला पाठवणे मी लांबणीवर टाकले; तिसऱ्या दिवशी हवालदारांनी त्या भट्टीवरून तिच्या बापाला आणले. नखांत कोळसा, डोळे धुराने लाल. त्याची तीन मुले पाळण्यातच गेली होती. चौथी ही. बायको मागल्या वर्षी तापाने गेली.

"सायेब, भट्टीवर नुसता धूर," तो म्हणाला. "पोर तितं जगंल. माज्यापाशी न्हाई."

पहिला जबाब फाडता येत नाही. मी त्याला दुसरा जोडला आणि चूक माझी, असे अहवालात लिहिले. पुण्याहून प्रोबेशन अधिकारी बाई आल्या, लुगडे खोचून धनगरवाड्यापर्यंत चढल्या, गोठा, चूल, पोरीचे अंथरूण सगळे पाहून आल्या. मुलांच्या कोर्टाने बापाची संमती घेतली आणि 'योग्य व्यक्ती' म्हणून त्या बाईकडे मुलीचा ताबा दिला.

पुढे नोकरीत शेकडो जबाब घेतले. गुन्हेगार स्वतःला वाचवायला गप्प बसतो. पण माणसे दुसऱ्याला वाचवायलाही गप्प बसतात, आणि वरून पाहिले तर दोन्ही सारखेच दिसते. म्हणून मूल गुंतलेल्या प्रकरणात कोणी गप्प बसले की मी आवाज चढवायचा नाही, प्रश्न बदलायचा, हे शिकलो. पण या प्रकरणातले सगळ्यात अवघड मला ताब्याचा हुकूम झाला त्या दिवशी कोर्टाच्या आवारात कळले.

बाईने हुकूम माझ्याकडून वाचून घेतला आणि पायरीवर बसली.

"सायेब, येक सांगायचं ऱ्हायलंय. हिची आय हिला न्ह्यायला आली व्हती. दोन डाव. डोक्यावर भाताची पाटी घिऊन. मी म्हनलं, पोर अजून कवळी हाय, येक वरीस जाऊ दे. पोर चांगली धट्टीकट्टी व्हती. माजाच जीव निघंना. आन् ती तशीच मेली." तिने पदराने तोंड पुसले. "ह्याला कंचं कलम हाय?"

सगळी कलमे पाठ असलेला मी, त्या पायरीवर तिच्याशेजारी बसलो.

"कलम नाही, बाई. पण पोरीला तिच्या आईचं नाव तेवढं सांगा."

"आता सांगाया हरकत न्हाई," ती कागदावरच्या शिक्क्याकडे बघत म्हणाली. "पोर माज्याकडं दिल्याचा कागूद हाय. ह्यो सटवाईला बी वाचावा लागंल."

तिने पोरीला मांडीवर घेतले आणि कानात नाव सांगितले. धोंडीने ते दोनदा म्हणून पाहिले. मग विचारले, "ती मला न्ह्यायला का न्हाई आली?"

कोठडीलाही न भ्यालेल्या त्या बाईने पोरीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. मला वाटले, आता ही काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. मी तिला दोष दिला नसता.

"आली व्हती, बाय," ती म्हणाली. "म्याच दिली न्हाई तुला."