दोन शिटांची गाडी

आमच्या शेजारच्या द्राक्ष बागायतदाराला रस्त्यात कुणी हात केला, की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. त्याच्या जुन्या जीपमधून मी तासगावहून सांगलीला कित्येकदा गेलोय, पण आम्ही दोघंच असे कधी पोचलो नाही. कुणाच्या मांडीवर कोंबडी असायची, कुणाच्या हातात दवाखान्याचा डबा. "सरका की वाईच," एवढंच तो मागं न बघता म्हणायचा.

अशा माणसाचा जीव सांगलीत विकायला ठेवलेल्या एका लाल, जुन्या स्पोर्ट्स कारवर जडला. बाजाराला गेला की तो ती बघून यायचा आणि मला विचारायचा, "घिऊ का रं?"

"घ्या की दादा," मी म्हणायचो.

शेवटी मालकानं चालवून बघायला चावी दिली. आम्ही तासगावच्या रस्त्याला लागलो. गाडी अशी पळत होती की हा माणूस पोरासारखा हसायला लागला.

फाट्यावर एका म्हातारीनं हात केला. ब्रेक लागला. गाडीला मागं सीटच नव्हतं. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"उतर जरा. म्हातारीला गावात सोडून येतो."

मी बाभळीखाली उभा राहिलो. तो परत आला, तेव्हा गाडी अगदी हळू चालवत होता.

"न्हाई घ्यायची," तो म्हणाला.

"आवडली नाही?"

"लय आवडली रं." त्यानं स्टिअरिंगवरून हात फिरवला. "पण फाट्याफाट्याला तू कुठवर उतरशील?"