कॅरेट मशीन काय म्हणतंय?

मानपाडा रोडवरच्या एका सराफाच्या दुकानात मी कॅरेट मशीनवर बसते. दागिना आत ठेवायचा, झाकण लावायचं, की त्यात सोनं किती, चांदी किती, तांबं किती ते स्क्रीनवर येतं. समोर बसलेल्या गिऱ्हाइकालाही दिसतं. तेवढा वेळ सगळ्यांचे डोळे स्क्रीनवर! मी घरी जाऊन एकेक सांगते, तर आमच्याकडे म्हणतात, "तुला पगार कशाला हवा? रोज फुकट पिक्चर बघतेस!"

मागे एक बाई तणतणत आल्या. हातात निरांजन. भर गर्दीत काउंटरवर आपटलं. "काळं ठिक्कर पडलंय! पितळेला चांदीचा मुलामा देता काय?"

बाकीची गिऱ्हाइकं हातातले दागिने खाली ठेवायला लागली. आमचे मालक, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, शांतपणे म्हणाले, "लाव मशीनला."

लावलं. चोख चांदी!

"मग खोटं काय आहे?" बाई.

"राहता कुठे?"

"एमआयडीसीत, केमिकल कंपन्यांच्या मागे."

"ताई, चांदी खरी आहे म्हणून काळी पडली. खोटी आहे ती तिथली हवा!"

एकदा दुपारी एक तरुण धावत आला. बोट सुजून जांभळं झालेलं, त्यात काळी अंगठी रुतलेली. दवाखान्यात कटर चालला नव्हता, म्हणून त्यांनी सराफाकडे पाठवलेला. सोन्याची अंगठी आम्ही सहज कापतो, चांदीची तर त्याहून सोपी. हिच्यावर ब्लेडच घसरत होतं. भाऊंनी विचारलं, "कसली आहे रे?"

"टंगस्टन. ऑनलाइन घेतलेली."

भाऊंनी ब्लेड बाजूला ठेवलं आणि मोठी पकड मागवली. "ही कापत नाही. फोडावी लागते."

पोराचे डोळे पांढरे झाले. मी त्याचा दुसरा हात घट्ट धरला. भाऊ थोडं आवळत, थांबत, परत थोडं आवळत. टक्क! तुकडे काउंटरवर उडाले.

डोळे मिटूनच त्याने विचारलं, "बोट आहे का?"

"आहे."

मग डोळे उघडून तुकड्यांकडे बघत म्हणाला, "लाइफटाइम गॅरंटी होती हो हिला!"

हेल्मेटवाला तर विसरणं शक्यच नाही. आत आला तरी हेल्मेट काढेना. तुटलेली चेन पुढे सरकवली, "मोडायचीय." बिल मागितलं तर म्हणे आईची आहे. भाऊंनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि स्वतः हळूच दाराशी जाऊन उभे राहिले. मी चेन मशीनला लावली. स्क्रीनवर आलं : तांबं, जस्त. सोनं नुसतं वरवर.

"पितळ आहे," मी म्हटलं.

तो उसळलाच. "काय बोलता! त्या बाईने फसवलं मला!"

"कुठल्या बाईने?" दारातून भाऊंनी विचारलं.

तो भाऊंना ढकलून पळाला. चेन अजून पोलिसांकडे आहे.

इथल्या एका जमीनदार काकांची लेक होणाऱ्या नवऱ्यासाठी प्लॅटिनमची अंगठी बघत होती. काका भडकले. "माझे जावयाला चांदीची आंगठी? गावान नाक कापशील माझा!"

पोरगी रडायच्या बेतात. भाऊंनी एकाच मापाच्या दोन अंगठ्या आणल्या. काकांच्या एका तळहातावर चांदीची ठेवली, दुसऱ्यावर प्लॅटिनमची. काकांचा दुसरा हात जरा खाली गेला. बराच वेळ ते तोलत राहिले.

"जड हाय," शेवटी म्हणाले. पोरगी हसली. तेवढ्यात काका भाऊंकडे वळले, "बरा, आता हिला पिवळा रंग मारून द्या!"

आणि हे आजोबा. सकाळी दुकान उघडताच एकटेच आले. भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, "संध्याकाळी बायकोला घेऊन येतोय. तिच्या पाटल्या मोडून सुनेसाठी नव्या घडवायच्यात. पण त्या पितळेच्या आहेत हो. कंपनी बंद पडली तेव्हा खऱ्या मी विकल्या आणि हुबेहूब करून कपाटात ठेवल्या. तिला माहीत नाही. मशीन बंद आहे म्हणून सांगा ना!"

भाऊ म्हणाले, "खोटं नाही बोलता येणार, आजोबा. तुम्हीच सांगून टाका आजींना."

संध्याकाळी दोघं आली. आजोबांचा चेहरा बघूनच कळलं, सांगितलेलं नव्हतं. आजींनी साबण लावून पाटल्या उतरवल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. मी पहिली आत ठेवली, झाकण लावलं. आजोबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

स्क्रीनवर आलं : बावीस कॅरेट.

दुसरी लावली. बावीस कॅरेट.

मी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी आजोबांकडे. आजोबा कसेबसे म्हणाले, "परत एकदा लावा. मशीन बिघडलंय."

आजी ट्रेमधल्या नव्या पाटल्या बघत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "मशीन चांगलं आहे. भिशी लागली त्या वर्षीच मी त्या बदलून घेतल्या. तुम्ही पाणी प्या. आणि ही घडण बघा, सुनेला आवडेल का?"