मेलेला माणूस डबा उघडत नाही

एम.ए.च्या परीक्षेत मी एका कादंबरीच्या नायिकेला विहिरीत उडी मारायला लावली. ती कादंबरीत शेवटपर्यंत जिवंत असते. नुसती जिवंत नाही, शेवटच्या प्रकरणात ती नातीच्या बारशाला घुगऱ्या वाटते, असं मला नंतर कळलं. मी कादंबरी वाचलेली नव्हती, मुखपृष्ठ पाहिलं होतं. त्यावर एक बाई होती, एक विहीर होती आणि बाईचं तोंड विहिरीकडे होतं. एवढ्या पुराव्यावर मी वीस गुणांचं उत्तर लिहिलं, शेवटी तिला 'व्यवस्थेने घेतलेला बळी' ठरवलं आणि त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या. समीक्षेच्या त्या पेपरात मी नापास झालो.

सांगायला लाज वाटते, कारण मी मराठीचाच शिक्षक आहे. सायखेड्याकडच्या एका शाळेत अठरा वर्षं आठवी-नववीला मराठी शिकवतो. शाळेला जोडून अकरावी-बारावीचे वर्ग आहेत. तिथले मराठीचे सर निवृत्त व्हायचे होते आणि ती जागा मला मिळावी म्हणून मी पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेरून एम.ए.ला बसलो होतो. बाकीचे पेपर सुटले, हा एकच राहिला. आमचे प्राचार्य गावचेच. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं, "सर, जूनला निकालाचा कागद दाखवा. कागद नाय, तर मला जाहिरात द्यावी लागंल. मंग माझ्या हातात काय नाय." म्हणजे माझ्यापाशी एकच संधी उरली होती. आणि नेमके त्याच परीक्षेला, माझ्या पुढच्याच बाकावर, बसले होते आमचे मोठे साडू.

मोठ्या साडूंइतकी कमी विशेषणं वापरणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही. चौतीस वर्षं ते एकलहऱ्याला वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते. तिथलं काम असं, की समोरच्या काट्यांकडे बघायचं आणि दर तासाला जे दिसेल ते लॉगबुकात लिहायचं. त्या वहीत 'ठीक चाललंय' किंवा 'आनंद आहे' असं लिहायची सोय नसते. ती सोय पुढे साडूंच्या स्वभावातूनही गेली. लग्नाचं जेवण कसं होतं विचारलं, की "मीठ बरोबर. वरण दुसऱ्या वाढीला गार." त्यांच्या पुतण्यासाठी आम्ही देवळालीला मुलगी बघायला गेलो होतो. परतताना गाडीत सगळे 'सालस', 'संस्कारी', 'घर सांभाळेल' असं बोलत असताना कुणीतरी साडूंना मत विचारलं. ते म्हणाले, "उंची मुलापेक्षा दोन बोटं कमी. पोहे तिनं केलेले नाहीत. तिखट किती घातलं विचारलं, तर तिनं आईकडं बघितलं." पुतण्याने त्या मुलीशी लग्न केलं. पोहे आजही तोच करतो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरचं लॉगबुक सुरू केलं. लांबट रजिस्टर, उभ्या रेघा, डावीकडे वेळ. 'सहा दहा. दूध आले. पिशवी गळकी. बदलून घेतली.' 'नऊ चाळीस. मेहुणी व साडूभाऊ आले. साडूभाऊ बोलत आहेत.' 'अकरा पाच. साडूभाऊ बोलत आहेत.' स्वयंपाकघरातून उठून जाताना ते ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला, रीतसर चार्ज देत. "दूध गॅसवर. सहा मिनिटं झाली. चार्ज तुझ्याकडं." ताईंनी हे तीन महिने सहन केलं. चौथ्या महिन्यात साडूंनी कुकरवर शिट्ट्यांचा तक्ता चिकटवला, त्या दिवशी ताई म्हणाल्या, "हे बघा, माणसानं घराबाहेर जाऊन काहीतरी करावं. नाहीतर मी तरी जाते." साडूंनी नोकरीतच बाहेरून बी.ए. केलेलं होतं, तेही मराठीत. विचारलं तर म्हणायचे, मराठीची पुस्तकं रात्रपाळीत वाचता येतात, म्हणून. त्यांनी मुकाट्याने एम.ए.चा अर्ज भरला आणि मार्गदर्शनासाठी, घरात मराठीचा शिक्षक आहे या समजुतीने, माझ्याकडे आले.

मी त्यांना माझं गुपित दिलं. अठरा वर्षांच्या अनुभवातून मी एक उत्तर तयार केलेलं आहे. ते कोणत्याही पुस्तकाला बसतं. 'प्रस्तुत साहित्यकृतीतून मानवी जीवनाचा बहुपेडी शोध घेतला असून लेखकाची संवेदनशील लेखणी वाचकाला अंतर्मुख करते' इथून ते सुरू होतं आणि पाच पानांनी 'एकंदरीत' या शब्दावर थांबतं. मधे तीन मोकळ्या जागा आहेत, तिथे नावं भरायची. साडूंनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"साडूभाऊ, हे कुठल्या पुस्तकावर आहे?"

"कुठल्याही."

"मग रीडिंग कुठंय यात?"

"कसलं रीडिंग?"

"काट्याकडं न बघता आकडा लिहायचा असता, तर त्यांनी आम्हाला पगार कशाला दिला असता? घरूनच लिहून नेलं असतं."

मी हसलो. साहित्यात असं नसतं, साहित्य म्हणजे यंत्र नव्हे, वगैरे पाऊण तास बोललो. त्याची नोंद त्यांच्या रजिस्टरमध्ये आहे.

परीक्षा गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात होती. पेपरात एक प्रश्न सक्तीचा होता, न पाहिलेल्या कवितेचं रसग्रहण. कवितेच्या बारा ओळी. एक बाई सकाळी डबा भरते. तीन पोळ्या, भाजी, कोपऱ्यात लिंबाची फोड, वर रुमालाची गाठ. शेवटच्या कडव्यात भरलेला डबा ओट्यावर तसाच आहे, चपला दाराशी आहेत, दुपार झाली आहे, बाई ओट्यापाशी भिंतीला टेकून उभी आहे. आणि अगदी शेवटच्या ओळीत बाहेरच्या खोलीतून झाकण उघडल्याचा आवाज येतो.

मी ती एकदा वाचली. डबा तसाच, चपला तशाच, बाई भिंतीला टेकलेली. माझ्या अनुभवी नजरेला उलगडा झाला. नवरा गेला. मग माझी लेखणी जी सुटली! वैधव्याचं दाहक वास्तव, रिकाम्या चपलांतून सूचित होणारी चिरंतन अनुपस्थिती, लिंबाच्या फोडीतून व्यक्त होणारं आयुष्याचं आंबटपण. दोन पुरवण्या घेतल्या. तिसरी मागताना मी पुढच्या बाकाकडे पाहिलं आणि मला भरून आलं. साडूंनी पेनाला टोपण लावलं होतं. ते नुसते प्रश्नपत्रिकेकडे बघत बसले होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. एकसष्टीच्या माणसाला या वयात हा अपमान, असं मनात आलं. मग त्यांनी टोपण काढलं, दीड पान लिहिलं आणि पुन्हा टोपण लावलं.

बाहेर आल्यावर टपरीवर चहा घेताना मी त्यांना धीर देत होतो. "होतं असं. पुढच्या वेळी बघू."

"किती वेळा वाचली तुम्ही कविता?"

"एकदा. नजर बसलेली असते आपली."

"मग काय झालंय त्यात?"

"नवरा वारलाय."

साडूंनी चहाचा कप खाली ठेवला. "साडूभाऊ, शेवटच्या ओळीत झाकण कुणी उघडलं?"

मी खिशातली प्रश्नपत्रिका बाहेर काढली.

"मेलेला माणूस डबा उघडत नाही. बाई ओट्यापाशी उभी आहे, आवाज बाहेरच्या खोलीतून आलाय. म्हणजे उघडणारा घरात आहे. चपला दाराशी आहेत, म्हणजे तो बाहेर गेलेला नाही. माणूस रिटायर झालाय. बाईनं सवयीनं डबा भरला."

"पण तो भरलेला डबा ओट्यावर होता ना?"

"आधीच्या ओळीत होता. शेवटच्या ओळीत त्यानं उचलून नेलाय. वेळ बदलली की पुन्हा बघावं लागतं."

हे त्यांनी इतक्या सपाट आवाजात सांगितलं, की टपरीवाल्याने सुद्धा मान हलवली. मला मात्र अजून आशा होती. समीक्षेत अनेक अर्थ शक्य असतात, हे मी वर्गात नेहमी सांगतो.

जूनमध्ये निकाल लागला. साडू त्या पेपरात केंद्रात पहिले आले. मी चार गुणांनी नापास. माझ्यावर अन्याय झाला आहे याची खात्री असल्यामुळे मी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली. पहिल्या दहा पानांवर परीक्षकांनी काहीच लिहिलेलं नव्हतं. अकराव्या पानावर, 'चिरंतन अनुपस्थिती' या शब्दांशेजारी समासात, लाल शाईत दोनच शब्द होते. 'कोण मेले?'

प्राचार्यांनी जाहिरात दिली. आता अकरावी-बारावीला एक तरुण बाई मराठी शिकवतात आणि चांगलं शिकवतात. स्टाफरूमच्या खिडकीतून त्यांचा वर्ग ऐकू येतो. मी तिथे बसत नाही असं नाही, पण वह्या तपासायला व्हरांड्यात बसतो.

साडूंनी मला एका शब्दाने डिवचलं नाही. त्यांनी फक्त सांगितलं, "रविवारी येत जा. साडेआठला." मग वर्षभर दर रविवारी मी मोटारसायकल काढून जेल रोडला त्यांच्या घरी जात होतो. नियम एकच. कविता तीन वेळा वाचून होईपर्यंत पेनाला टोपण. मग "काय दिसलं?" मी म्हणायचो, "एक उदास वातावरण." ते म्हणायचे, "ते शिफ्ट संपल्यावर. आधी काय दिसलं ते." हळूहळू मला दिसायला लागलं, की अमुक कवितेत पाच ओळी कुणीच बोलत नाही, तमुक कथेत आईला नावच नाही. अठरा वर्षं शिकवलेल्या धड्यांमध्ये न पाहिलेल्या गोष्टी निघायला लागल्या. तो मोठा वाईट काळ होता.

एकदा साडू बाजारात गेलेले असताना मी वाट बघत त्यांचं जुनं रजिस्टर उघडलं. निवृत्तीनंतरचं पहिलं पान होतं. 'सहा. उठलो. सात पाच. हिने डबा भरला. मी बोललो नाही. तीही बोलली नाही. एक. डबा उघडला. घरीच. तीन पोळ्या. एक वीस. ती ओट्यापाशी उभी आहे.' त्यापुढची ओळ कोरी होती. साडूंच्या वहीत मी पाहिलेली तेवढी एकच कोरी ओळ. मी रजिस्टर मिटून होतं तसं ठेवलं. आल्यावर साडूंनी ते दोन बोटं सरकवून सरळ केलं.

तिसऱ्या खेपेला मी सुटलो. कागद मिळाला, जागा गेलेली होती. कागद मी फ्रेम करून लावला, तो बायकोने शोकेसच्या मागे हलवला. आणि काम झाल्यावर रविवारचं जाणंही सुटलं. एका रविवारी पाहुणे आले, पुढच्या रविवारी गाडी बिघडली, मग कारण द्यायचीही गरज उरली नाही. अधूनमधून साडेआठ वाजले, की आपण कुठलातरी चार्ज न देता निघून आलो आहोत असं वाटतं. साडू फोन करणाऱ्यांतले नाहीत. फोनवर काही दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून मी हा लेख लिहायला घेतला. म्हटलं, ऋण मान्य करावं. परवा ताईंना फोन लावला आणि सांगितलं, "ताई, मी साडूभाऊंवर लिहिलंय. शेवट जरा हळवा झालाय, डोळ्यांत पाणी येईल वाचणाऱ्याच्या."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ताई म्हणाल्या, "म्हणजे मारलंत की काय यांना? अहो सर, सहा महिन्यांत फिरकला नाहीत इकडं. लिहायच्या आधी एकदा येऊन बघून तरी जायचं."