एकादशीची तपासणी

"आधी जेवी ले, मंग बोल," असं म्हणत समोर ताट आपटायची मावशीची सवय होती. तुम्ही डिंडोलीच्या कामगार वस्तीत राहिला असाल, तर अशी एखादी खानावळवाली मावशी तुम्हीही पाहिली असेल. दोन खोल्या, वर पत्रा, आणि कापडाच्या लूमवरची पाळी संपवून आलेली, घरदार खानदेशात ठेवलेली माणसं.

ही माणसं एचआयव्हीच्या तपासणीला दवाखान्यात जात नसत. रांगेत गावचं कुणी भेटलं तर? म्हणून आमच्या संस्थेनं खोलीतच करता येणाऱ्या तपासणीचे किट द्यायचं ठरवलं. हिरड्यांवरून पट्टी फिरवायची, बाटलीत उभी करायची, थोड्या वेळानं रेघा बघायच्या. एक रेघ आली तर सुटलात, दोन आल्या तर पक्क्या तपासणीला आमच्याबरोबर चला. वाटायला मावशीइतकं विश्वासाचं माणूस दुसरं नव्हतं.

अट एकच होती, आधी अर्धा तास काही खायचं नाही. ही अट मी नेमकी कुणाला सांगत होतो बघा! "थकीभागी येयेल पोऱ्यासले उपाशी बसाडू का?" म्हणून ती आधी सगळ्यांना जेवू घालायची आणि हात धुताधुता किट द्यायची. निकाल भरवशाचे येईनात. मी रोज घसा कोरडा करायचो, ती रोज मान डोलवायची.

मग एकदा तिनं निरोप पाठवला की तोड सापडली. एकादशीला सगळ्यांचा उपास असतोच, त्याच दिवशी तपासणी! मी खूश होऊन गेलो, तर पंगत बसलेली आणि ताटात साबुदाण्याची खिचडी.

"मावशी, हे काय?"

"उपास शे ना."

"अहो, पण खातायत ना!"

"साबुदाना म्हंजे काय जेवन शे का?" तिनं मलाच वेड्यात काढलं. मी कपाळावर हात मारून घेतला. मग तिनं माझ्यापुढेही वाटी सरकवली आणि मी खिचडी खाल्ली.

तरी एक सांगतो, तिच्यामुळेच कितीतरी जण वेळेत औषधाला लागले. कुणाच्या दोन रेघा आल्या तर ती त्याला शेजारी बसवून वाढायची. "ताटवाटीनं नही लागत हाई बिमारी," असं सगळ्यांना ठणकावून सांगायची.

स्वतः मात्र तपासून घेत नव्हती. नवरा लूमवर होता, ताप आणि खोकल्यानं झिजून गेला, कशानं ते कुणी पाहिलंच नाही. आता तीही वाळत चालली होती. मी विचारलं की तिला पोळ्या आठवायच्या, गॅस आठवायचा. शेवटी मी चिडलो. तेव्हा ती हळूच म्हणाली, "मना निकाल वाईट निंघना ते मना हातनं कोन खाई रे भाऊ?"

मला संतापही आला आणि रडूही. पण पुढच्या दुपारी तिनं स्वतःच पट्टी हिरड्यांवरून फिरवली. दोन रेघा आल्या. सरकारी दवाखान्यात तेच पक्कं झालं. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या घ्या आणि खुशाल स्वयंपाक करा. तिनं गोळ्या सुरू केल्या आणि खानावळ बंद केली. जेवणाऱ्यांना सांगितलं की गुडघे गेलेत. मी किती समजावलं, किती भांडलो! ती पारोळ्याला बहिणीकडे निघून गेली.

परवा फोन केला. गोळ्या चालू आहेत, वजन वाढलंय. मला बरं वाटलं.

"शेजारी लगीन शे," ती म्हणाली. "पोया लाटाले बलायेल व्हतं."

"मग? गेलात ना?"

"हात दुखस म्हनी सांगी दिधं."

"मावशी, हातानं काही होत नाही, हे तुम्हीच सगळ्या डिंडोलीला शिकवलंत!"

"माले ठाऊक शे रे भाऊ. मना हात नही आयकत."

मी भर रस्त्यात फोनवर तिच्यावर ओरडत राहिलो. तिच्याकडून बायकांचं हसणं आणि लाटण्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.