चौकटीबाहेरचा हात

एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन राजकारण्यावर मी कोशासाठी नोंद लिहिली. आधी वकील, मग आमदार, मग सिनेटर. जन्मभर गुलामगिरीच्या बाजूने बोलला. भाषणं म्हणे ऐकत राहावीत अशी. सोबत त्याचा जुना फोटो होता. मांडीवर नातू, आणि कडेला त्या पोराचा दंड धरलेला एका काळ्या बाईचा हात. नुसता हात. बाकीची बाई फोटोत नव्हतीच.

पानं लावणाऱ्या सुनीताताईंनी विचारलं, "हा हात कुणाचा? ठेवू का?"

"दाई असेल. काढा, चेहरा तेवढा पुरे," मी म्हणाले.

हात गेला. त्या माणसाने उभ्या कारकिर्दीत जे केलं, ते मी चहा पिता पिता केलं. मनाला समजावलं, कोशात जागाच किती असते! पण मग ती नेमकी कुणासाठी नसते?

घरी आले. फ्रिजच्या दारावर माझ्या नातवाचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो आहे. त्याला दिवसभर सांभाळणाऱ्या मंदाताईंना तेव्हा मीच म्हटलं होतं, "जरा बाजूला व्हा हं." त्या झाल्या. फक्त तो खुर्चीवरून पडू नये म्हणून एक हात त्याच्या पाठीशी राहिला. हिरव्या बांगड्यांचा तो हात फोटोत कोपरापर्यंतच दिसतो.

मी बघत उभी राहिले, तशा मंदाताई मागे येऊन थांबल्या.

"किती गोड आलाय ना, ताई," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेच बघतोय."