हीटरसमोरचा ताइको

देवयानीबाईंनी पोहे भिजवले, चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात कुशल, मागे व्हॅन.

"काकू, ढोल न्यायला आलो. संध्याकाळी शो आहे. पण आधी पोहे!"

साउथहॅम्प्टनच्या एका हॉलमध्ये दर मंगळवारी ताइको, म्हणजे जपानी ढोल, वाजवणाऱ्या ग्रुपचं सगळं आता कुशलच बघायचा. ग्रुप उभा केला होता सेन्सेईंनी. सगळे त्या जपानी बाईंना सेन्सेईच म्हणत, म्हणजे गुरुजी. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यांनी स्वतःच्या हातांनी मढवलेला मोठा ताइको बाईंकडे असे, कारण हॉलमधली सामानाची खोली ओल धरायची.

यजमान गेल्यावर, ते नोकरी करायचे त्या हॉस्पिटलमधली ओळखीची मंडळी हळूहळू पांगली. लेक मँचेस्टरला, तिचा फोन रविवारी. अशात शेजारणीनं बाईंना ओढत हॉलवर नेलं आणि सेन्सेईंनी हातात बाची ठेवल्या, त्या जाड लाकडी काठ्या. दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेला जपानीत 'मा' म्हणतात. ती भरायची नसते, ऐकायची असते, असं सेन्सेई सांगायच्या. सराव संपला की सगळे वाकून 'ओत्सुकारेसामा' म्हणत. दमलात हो, असंच काहीसं. बाईंच्या दमण्याची दखल आठवड्यात तेवढीच.

"आत ये," त्या म्हणाल्या.

काल दसरा. त्यांनी ताइकोला हळदकुंकू वाहिलं, हलकेच ठोका दिला, तर आवाज बसका. माहेरी हलगीवाले वाजवण्याआधी शेकोटीपाशी कातडं तापवायचे, तेच डोक्यात. ताइको हीटरसमोर ठेवून त्या पुरण वाटायला गेल्या. खिळ्यांनी आधीच करकचून ताणलेलं ते कातडं. त्याला कुठली ऊब सोसणार? बाहेर आल्या तेव्हा ते मधोमध उकललं होतं.

"हे काय झालं?"

"मी शेकलं रे."

"शेकलं? काकू, पापड आहे का तो?" बोलून गेला आणि स्वतःच ओशाळला. फटीवरून त्यानं बोट फिरवलं.

"दुसरं कातडं बसवता येईल ना?"

"कोण बसवणार? सेन्सेईच बसवायची. तसंही सगळे म्हणतातच, ग्रुप बंद करू या. आता मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

त्यानं हॉलवाल्यांना फोन करून शो रद्द केला. पोहे राहिलेच.

दारापर्यंत गेलेल्या कुशलला बाईंनी हाक मारली.

"तुम्ही हॉल सोडेपर्यंत दर मंगळवारी मला तिथं नुसतं 'मा' ऐकत बसू दे."