फादी आणि फोर-फिफ्टी-फोर

सालेम साहेबांची गोळी पुन्हा टार्गेटच्या खाली मातीत घुसली. त्यांनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती गोळी मीच खाली ओढली होती.

"गन में प्रॉब्लेम है, मॅडम."

"गन ठीक है, साहब. गोली बदलते हैं. छोटी से शुरू करेंगे."

"छोटी? मैं बड़ा गन लिया, छोटी गोली मारेगा? मेरा भाई हसेगा!"

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या एका शूटिंग क्लबमध्ये मी इन्स्ट्रक्टर होते. कोल्हापूरला कॉलेजात असताना पिस्तूल हातात आलं होतं, आणि नवऱ्याच्या नोकरीमागून इकडे आल्यावर तेच पोटापाण्याला उपयोगी पडलं. सालेम साहेबांचा ट्रकचा धंदा. माणूस उंचापुरा आणि दिलदार, क्लबचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. चुलतभावाने फॉर्टी-फोर मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेतलं म्हणून यांनी त्याहून दांडगं फोर-फिफ्टी-फोर घेतलं होतं. महिनाअखेरीस दोघांचा सामना ठरला होता आणि घरातली सगळी पुरुषमंडळी बघायला येणार होती.

आता हे फोर-फिफ्टी-फोर काय प्रकरण असतं ते सांगते. साधं पिस्तूल उडालं की हाताला ढकलतं. हे उडालं की तळहातावर कुणी सोटा हाणल्यासारखं होतं. या मागे येणाऱ्या धक्क्याला रिकॉइल म्हणतात. त्याच्याशी कुस्ती करायची नसते. मूठ जमेल तितकी वर धरायची, कोपरं जराशी सैल ठेवायची आणि नळी वर जाते तिला जाऊ द्यायचं. माझी उंची पाच फूट. मी कुस्ती केली असती तर दवाखान्यातच गेले असते.

दुसरी गोष्ट काडतुसाची. या रिव्हॉल्व्हरमध्ये त्याच जाडीचं, पण लांबीला कमी आणि दारूही कमी असलेलं जुनं फॉर्टी-फाइव्हचं काडतूसही बसतं. आधी ते वापरायचं, हात रुळला की मग मोठ्याकडे जायचं. फक्त काडतुसं बसतात ती सिलिंडरची भोकं नीट पुसायची, कारण आखूड काडतुसाची काजळी आत कडं धरते आणि मग लांब काडतूस अडकतं. पहिल्या दिवसापासून मोठंच मारत सुटलं, तर नेम शिकण्याआधी हात भीती शिकतो. गोळी सुटायच्या आधीच माणूस अंग चोरतो आणि नळीचं तोंड खाली झुकतं. आमच्याकडे याला फ्लिंच म्हणतात. सालेम साहेबांना तो जडला होता.

आणि मी तो त्यांना दाखवला. आमची पद्धत अशी, की रिव्हॉल्व्हर इन्स्ट्रक्टर भरतो आणि त्यात मध्येच एखादं वापरलेलं, रिकामं काडतूस घालतो. नेमबाजाला माहीत नसतं कुठलं कुठे आहे. रिकाम्यावर घोडा पडला की नुसता खट आवाज होतो, धक्का येत नाही. तरीही नळी खाली गेली, तर चूक बंदुकीची नाही, माणसाची. सालेम साहेबांची नळी अशी खाली गेली, की शेजारच्या लेनमधले दोघं खुदकन हसले.

"देखा साहब? आप डर रहे हैं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याऐवजी फादीला इन्स्ट्रक्टर म्हणून मागून घेतलं.

फादी बैरूतचा. माझ्यानंतर दोन वर्षांनी क्लबात आलेला. दाढी कोरलेली, अत्तराचा घमघमाट, आणि प्रत्येक गिऱ्हाईक त्याचं 'हबीबी', म्हणजे लाडकं. शिकवायचा कमी, हसवायचा जास्त. माझ्या लेनवर माणसं शिकून जायची आणि त्याच्या लेनवर पुन्हा यायची. मी त्याच्यावर जळत होते. साधंसुधं नाही, चांगलं धगधगून जळत होते. त्याची कॉफीसुद्धा मला खुपायची, कारण ऑफिसबॉय ती न मागता आणून द्यायचा आणि मला दोनदा आठवण करावी लागायची.

त्यात आमचे हेड इन्स्ट्रक्टर मायदेशी परत निघाले होते. मॅनेजर कुरियन साहेबांना मी सरळ विचारलं, "सर, पुढचं नाव माझं ना? सीनियर मी आहे."

"सुनंदा, सीनियर तो तुम हो," ते म्हणाले. "लेकिन सालेम साहब जिसके साथ खुश, मॅनेजमेंट उसके साथ खुश. सामना होने दो."

म्हणजे माझी खुर्ची सालेम साहेबांच्या मनगटावर टांगली होती, आणि ते मनगट फादीच्या ताब्यात होतं. तो त्यांना खुशाल मोठीच काडतुसं देत होता. "मोअर पॉवर, हबीबी! यल्ला!" मनगट सुजलं, पट्टी आली, गोळ्या मातीतच. तरी दोघं खिदळत होते.

घरी मी भाकरी बडवत होते. नवरा म्हणाला, "पीठ मळून झालंय, आता त्याला मारू नकोस."

"तो माणूस काही शिकवत नाही, आणि सगळे त्याच्यावर फिदा!"

लेक गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, "आई, मेबी ही इज जस्ट नाइस."

त्या दिवशी तिला भाकरीबरोबर नुसती चटणी मिळाली.

सामना जवळ आला तशी मी युक्ती केली. सालेम साहेब, फादी आणि कुरियन साहेब एकत्र उभे असताना मी गोड आवाजात म्हटलं, "फादी, साहबको आज तुम करके दिखाओ ना. मैं भर के देती हूँ."

फादीने कॉलर सारखी केली. मी त्यांच्याकडे पाठ करून मोठी काडतुसं भरली आणि तिसऱ्या जागी एक रिकामं घातलं. मला खात्री होती. अंग चोरणारा माणूस मी चालण्यावरून ओळखते, आणि फादी मोठं रिव्हॉल्व्हर स्वतः कधीच उडवायचा नाही, नेहमी दुसऱ्याला उडवायला लावायचा.

धाड. धाड. दोन्ही गोळ्या कागदाच्या खालच्या कडेला. मग खट.

नळी अशी खाली गेली, की जमिनीवर पडलेलं काही उचलायला निघाली होती म्हणावं. फादीचे डोळेही मिटलेले. त्याचे कान लालबुंद झाले. माझ्या आत दिवाळी होती, खोटं कशाला बोलू.

"अब मेरा देखो," मी म्हणाले. "फादी, तुम भरो. खाली वाली कहाँ डालनी है, तुम तय करो."

त्याने मुकाट्याने भरून दिलं. मी मूठ वर घेतली आणि कोपरं सैल सोडली. पहिली गोळी काळ्या वर्तुळात. दुसऱ्यांदा खट. नळी तसूभर हलली नाही. इतका स्थिर हात माझा स्पर्धांमध्येही कधी राहिला नव्हता. मी क्षणभर तशीच उभी राहिले, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून.

मग मागे वळले.

सालेम साहेब फादीच्या गळ्यात पडले होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तू भी! तू भी डरता है! वल्ला, मैं सोचा अकेला मैं!"

"एव्हरी टाइम, हबीबी," फादी कानकोंडा होऊन म्हणाला. "आय हेट धिस गन."

"तो फिर बताया क्यों नहीं? खलास! छोटी गोली लाओ. दोनों को. दोनों सीखेगा."

कुरियन साहेबसुद्धा हसत होते. माझ्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमध्ये अजून काडतुसं शिल्लक होती. मी ती बाहेर काढून टेबलावर मांडली आणि फॉर्टी-फाइव्हचा डबा आणायला गेले.

त्यानंतर रोज दोघं शेजारी शेजारी उभे राहून लहान काडतुसं मारायचे. एकमेकांचं रिव्हॉल्व्हर भरायचे, त्यात रिकामं घालायचे, आणि कुणाची नळी झुकली की दुसरा ओरडायचा. सगळी पद्धत माझी होती. मूठ वर, कोपर सैल, हेसुद्धा फादी माझ्याच शब्दांत सांगायचा. सामन्याच्या दिवशी सालेम साहेबांनी शेवटची फेरी मोठ्या काडतुसांनी मारली आणि चुलतभावाला हरवलं. फादी हेड इन्स्ट्रक्टर झाला.

मी कुरियन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "सर, चूक कुणी दाखवली? उपाय कुणी सांगितला?"

"तुमने. बेस्ट शॉट भी तुम हो. मैंने साहब को बोला भी, उस दिन सुनंदाका हाथ देखा आपने?"

"मग?"

कुरियन साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. "बोले, कौन सा हाथ?"

या धंद्यातला माझा धडा एवढाच. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला न घाबरणारा माणूस दिसत नाही. तो आपल्यासारखा दुसरा शोधत असतो, आणि मी माझ्या हाताने त्याला तो शोधून दिला. फादीवर मी आजही जळते.